तंबुऱ्याची गदा

भोपाळात पौष-माघाच्या दिवसांत मोठ्या तलावावरून वारा सुटला म्हणजे उघड्यावर फार वेळ बसवत नाही. तरीही त्या संध्याकाळी तलावाकाठच्या एका मोकळ्या रंगमंचासमोर आम्ही दोन-अडीच तास शाली लपेटून बसून होतो, आणि उठावेसे कोणालाच वाटले नाही. दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' चालू होते त्या दिवसांतली, म्हणजे 1989 च्या आसपासची ही गोष्ट. आमच्याबरोबर आमच्या आत्याबाई होत्या. वय पंचाहत्तरीकडे झुकलेले, गुडघे धरलेले. चातुर्मास आला की पांडवप्रतापाची पोथी काढायची आणि चौसष्ट अध्याय पुरे झाल्याशिवाय ती पुन्हा फडक्यात बांधायची नाही, हा त्यांचा माहेरापासूनचा शिरस्ता. 'दुर्गकडची एक बाई महाभारत सांगणार आहे' एवढेच सांगून आम्ही त्यांना आणले होते. "एवढे एक ऐकायचे राहिले होते," असे पुटपुटतच त्या रिक्षात बसल्या होत्या.

मंचावर सतरंजी होती आणि तिच्यावर पाच-सहा साथीदार. कोणापुढे पेटी, कोणापुढे तबला, कोणाकडे ढोलक, कोणाच्या हातात मंजिऱ्या. मग एक सावळी, भरल्या अंगाची बाई पुढे आली. गडद रंगाचे लुगडे, कपाळावर मोठे ठसठशीत कुंकू, गळ्यात चांदीचा सुता आणि रुपयांची माळ, दंडात नागमोरी, कमरेला करधन. ओठ विड्याने रंगलेले. एका हातात मोरपिसे लावलेला तंबुरा, दुसऱ्या हातात करताळ. तिने साथीदारांकडे एकवार पाहिले, श्रीकृष्णाचा जयजयकार केला, आणि पुढे जो आवाज निघाला तो ऐकून आमच्या शेजारचे एक गृहस्थ खरोखरच दचकले. भरदार, किंचित खरखरीत, थेट बेंबीच्या देठापासून आलेला आवाज. गाण्यातून बोलणे केव्हा सुरू होई आणि बोलण्यातून गाणे केव्हा, याचा सांधा सापडत नव्हता.

प्रसंग द्यूतसभेचा होता आणि तेथून कथा थेट कुरुक्षेत्रावर दुःशासनाच्या वधापर्यंत गेली. सारा पसारा त्या एका तंबुऱ्यावर उभा होता. खांद्यावर गेला की तो भीमाची गदा होई, आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य. छातीशी कवटाळला की द्रौपदीचे मोकळे केस. एका क्षणी बाईंनी तो दोन्ही हातांनी पिरगळला, जमिनीवर पाय आपटला आणि अशी काही गर्जना केली की दुःशासनाचा हात खांद्यातून उपटला गेला हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. दुसऱ्याच क्षणी तीच बाई पदर सावरीत, हसत हसत, समोरच्या प्रेक्षकांपैकी कोणाची तरी थट्टा करीत होती.

आत्याबाईंचे बालपण नागपुरात गेले होते. तेथे बांधकामावर येणाऱ्या छत्तीसगढी मजूर बायांची बोली त्यांच्या कानावरून गेलेली असल्यामुळे अर्धेमुर्धे त्यांना कळत होते. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग आमच्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, "ही आपल्या पोथीतलेच सांगते आहे रे. फक्त उभी राहून सांगते."

त्या बाई म्हणजे तीजनबाई. आत्याबाई जे सहज बोलून गेल्या त्यात या बाईंच्या आयुष्यातला सारा झगडा आला होता, हे आम्हांला पुढे कळले.

पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, पांडवांची कथा. छत्तीसगढात ती गाण्याच्या दोन रीती आहेत. एक वेदमती. तिच्यात गायक बहुधा गुडघे टेकून बसतो आणि ग्रंथाला धरून गातो. तो ग्रंथ संस्कृत महाभारत नव्हे. सबलसिंह चौहान यांनी दोहे-चौपायांत रचलेले भाषा-महाभारत हा. दुसरी रीत कापालिक. कथा ग्रंथात नसून कपाळात, म्हणजे डोक्यात साठवलेली, असा या नावाचा उलगडा तिकडचे लोक करतात. कापालिक गायक उभा राहतो, फिरतो, लढतो, सोंग आणतो, आणि मूळ कथेला स्वतःच्या पदरचे ठिगळ लावायला कचरत नाही.

सबलसिंहांची रचना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्याच्या पहिल्या पावकापर्यंत चालली असे मानतात. आमच्या श्रीधरस्वामींनी पांडवप्रताप पूर्ण केला तो शके 1634 मध्ये, म्हणजे 1712 च्या सुमारास. नर्मदेच्या दोन्ही अंगांना साधारण एकाच काळात दोन कवी व्यासांचे महाभारत चुलीपाशी आणून ठेवीत होते, हा योगायोग आम्हांला मोठा लोभस वाटतो. फरक पुढे पडला. आमच्याकडे पोथी देव्हाऱ्याजवळच्या चौरंगावर राहिली, आणि छत्तीसगढात ती चावडीवर येऊन नाचू लागली.

मराठी वाचकाला पंडवानीचा बाज समजावून सांगायला फार प्रयास पडू नयेत. कीर्तनकार बुवांचे उभे राहणे, शाहिराची ललकार आणि गोंधळ्याचे आख्यान एकत्र कालवले तर जे होईल, त्याच्या जवळपास ती येते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी' करीत उभे असतात, तसा पंडवानीत 'रागी' असतो. तो गायकाच्या प्रत्येक वाक्याला हुंकार देतो, मध्येच अजाणपणे प्रश्न विचारतो आणि कथा अवघड वळणावर आली की श्रोत्यांच्या मनातले बोलून दाखवतो. चांगला रागी नसेल तर थोर गायकाचीही पंडवानी पंगू होते. आणि नायक? तो अर्जुन नव्हे, कृष्णही नव्हे, तो भीम. भुकेला, रागीट, भाबडा, ताकदवान भीम. विदर्भातले गोंड ज्याला भिवसन म्हणून पुजतात तोच हा, असे म्हणायला जागा आहे. मंडल्याकडचे परधान आपल्या गोंड यजमानांपुढे बाना वाजवीत पांडवकथा गातात, त्यांच्यातही भीमाचाच मान मोठा. आम्हां मराठी माणसांनाही भीमाचे वावडे कधी नव्हते. खाडिलकरांचा 'कीचकवध' पाहून लोक इतके पेटले की 1910 साली सरकारला त्या नाटकावर बंदी घालावी लागली.

भिलाईजवळच्या गनियारी या गावी 1956 साली तीजनबाईंचा जन्म झाला. छत्तीसगढात 'तीजा' हा लेकीबाळींचा सण. आपल्या हरितालिकेच्या दिवशीच तो येतो आणि सासुरवाशिणी त्यासाठी माहेरी जातात. तीजन हे नाव त्या सणाची आठवण देणारे. 1956 हे साल आम्हां भोपाळकरांनाही विसरता येण्यासारखे नाही. 1 नोव्हेंबरला नवे मध्यप्रदेश राज्य झाले, भोपाळ त्याची राजधानी ठरले, आणि आमच्यापैकी कितीएकांचे वाडवडील कचेरीच्या दप्तरांबरोबर नागपूरहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून येथे येऊन बिऱ्हाडे थाटते झाले. तोवर दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. त्याही मागे जायचे तर भोसल्यांचे बिंबाजीराजे रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. तेव्हा तीजनबाईंचा मुलूख आम्हांला परका नाही. आम्हीच त्याची फारशी विचारपूस केली नाही, इतकेच.

त्यांचे कुटुंब पारधी समाजातले. वडील चुनुकलाल, आई सुखवती. पाच भावंडांत तीजन थोरली. ब्रिजलाल पारधी हे त्यांचे मातुल घराण्यातले आजोबा. ते पंडवानी गात आणि ही पोर ऐकत असे. मुलींनी हे शिकण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे शिकवायला कोणी बसले नाही. ऐकून ऐकून प्रसंगांमागून प्रसंग तिच्या तोंडी बसले. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडून तिला काही रीतसर मार्गदर्शन मिळाले. पण खरी शाळा ती आजोबांचीच. दुसरी शाळा तिने पाहिली नाही. अक्षरओळख नसलेल्या या मुलीच्या डोक्यात अठरा पर्वांचा संसार सामावला, यावर 'कापालिक' या शब्दाचा अर्थ आणखी निराळा शोधण्याची गरज उरत नाही.

बाराव्या वर्षी लग्न झाले. तेराव्या वर्षी दुर्ग जिल्ह्यातल्याच चंदखुरी गावी तिने पहिल्यांदा चारचौघांत पंडवानी गायिली. बिदागी दहा रुपये. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाईने पंडवानी गाऊच नये असे नव्हते. बसून, वेदमती रीतीने बायका गात. तीजन उभी राहिली. कापालिक रीतीने, पुरुषांसारखी, तंबुरा गदेसारखा फिरवीत गाणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. त्या वेळी मात्र त्याची किंमत रोख वसूल करण्यात आली. गाते म्हणून समाजाने तिला वाळीत टाकले. घर सुटले. तिने स्वतःसाठी एक लहानशी झोपडी उभारली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भांडीकुंडी, दाणागोटा उसना घेऊन एकटीने दिवस काढले. पहिल्या सासरी ती कधी नांदली नाही. संसाराची घडी पुढेही चटकन बसली नाही; बऱ्याच वर्षांनी ती बसली आणि नातवंडेही झाली. त्या खासगी कहाणीत अधिक शिरण्याचे आम्हांला प्रयोजन वाटत नाही. झोपडीत राहूनही तिने गाणे सोडले नाही, हे मात्र पुन्हा सांगण्याजोगे आहे. 'सोडले नाही' हे लिहायला सोपे आहे. तेरा-चौदा वर्षांची पोर, गावाबाहेर, जातीबाहेर, आणि तिच्यापाशी द्रौपदीची विटंबना व भीमाची प्रतिज्ञा एवढीच शिदोरी. सभेत एकटी उभी असलेली द्रौपदी ती कोणाला पाहून रंगवीत असेल, हा प्रश्न त्या संध्याकाळी आमच्या मनात आला नव्हता. आता येतो.

आवाज लपून राहत नाही. या गावची मंडई, त्या गावचा उत्सव असे करीत नाव पसरले. त्याच सुमारास छत्तीसगढी लोककलावंतांच्या शोधात हिंडणारा एक जाणता माणूस होता. हबीब तन्वीर. जन्म रायपूरचा, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. 1959 साली त्यांनी दिल्लीत 'नया थिएटर' उभारले आणि पुढे नाचा करणाऱ्या खेडूत नटनट्यांना घेऊन 1975 साली 'चरणदास चोर' असा रंगवला की 1982 साली एडिंबराच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. नाच्यातल्या प्रहसनाला तिकडे 'गम्मत' म्हणतात हे ऐकून आमच्या पूर्व विदर्भातल्या वाचकांना खडी गंमत आठवावी. या हबीबसाहेबांची दृष्टी तीजनबाईंवर पडली आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर गाण्याचा योग आला. वाळीत टाकलेली बाई दिल्लीपर्यंत पोहोचली. हबीबसाहेबांनी आपली अखेरची वर्षे आमच्या भोपाळातच काढली आणि 8 जून 2009 रोजी येथेच देह ठेवला. त्यांच्या नाटकांना जाणारी मराठी माणसे भोपाळात थोडी नव्हती. पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या छत्तीसगढी बायामाणसांची नावे आमच्यापैकी कितीजणांना सांगता येतील, हे विचारायला नको. फिदाबाई हे एक तरी नाव ठाऊक असायला हवे.

त्या काळी भोपाळचे वारेच तसे होते. 13 फेब्रुवारी 1982 रोजी भारतभवनाचे उद्घाटन झाले. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ही वास्तू टेकडीवर चढत नाही, तलावाकडे पायरीपायरीने उतरते. तेथे जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासींची चित्रे आणि शहरी चित्रकारांची चित्रे शेजारी शेजारी टांगली, ब. व. कारंत नाटके बसवीत होते. राज्य सरकारची आदिवासी लोककला परिषद खेड्यापाड्यांतल्या कलावंतांना हाक मारीत होती. छत्तीसगढ तेव्हा आमच्याच राज्यात होते. दुर्गहून निघालेली छत्तीसगढ एक्सप्रेस गोंदिया, नागपूर, इटारसी करीत भोपाळला येते. त्या गाडीतून पंथी नाचणारे आले, नाचावाले आले, पंडवानी गाणारे आले. वाटेत निम्मा मराठी मुलूख ओलांडूनच ही मंडळी आमच्यापर्यंत पोहोचत होती, पण त्या मुलखात त्यांना उतरवून घेणारे थोडे.

1980 नंतरच्या दशकात तीजनबाई परदेशी गेल्या. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, ट्युनिशिया, माल्टा, सायप्रस, रुमानिया, मॉरिशस असा मोठा फेरा झाला. छत्तीसगढीचा एक शब्द न समजणारे लोक तासन् तास बसून राहत, याचे पुष्कळांना नवल वाटले. आम्हांला वाटत नाही. आमच्या आत्याबाईंना तरी कोठे सगळे कळत होते? 1988 साली श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही मालिका दूरदर्शनवर आली. तिच्यातल्या महाभारताच्या भागात तीजनबाईंची पंडवानी होती. एकीकडे रविवारचे, रथ-मुकुटांचे, आकाशात बाण एकमेकांवर आदळणारे महाभारत आणि दुसरीकडे एक बाई, एक तंबुरा. दोन्हींची तुलना करणे शहाणपणाचे नाही हे आम्ही जाणतो. तरी एवढे सांगतो की त्या रविवारच्या दुःशासनाचा चेहरा आज आम्हांला नीटसा आठवत नाही, आणि तीजनबाईंच्या तंबुऱ्याचा पिरगळलेला हात अजून डोळ्यांपुढे आहे.

मधल्या काळात त्यांना भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली. ज्या वर्षी त्यांचा जन्म झाला त्या वर्षी हा कारखाना नुकताच आकार घेत होता; 1959 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी पेटली. आजूबाजूच्या खेड्यांचे सारे जीवन त्या भट्टीने बदलून टाकले. कारखान्याने गावोगावच्या कलावंतांना पगाराचा आधार दिला हे त्याचे मोठेच उपकार. लोककलावंताच्या आयुष्यात टाळ्या पुष्कळ असतात, पहिल्या तारखेचा पगार नसतो.

मानसन्मानांची यादी देऊन वाचकांना कंटाळा आणण्याची इच्छा नाही, पण काही गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. त्याच दशकात पद्मश्री, 1995 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 2003 साली पद्मभूषण, 2018 साली जपानमधील फुकुओका पुरस्कार आणि 2019 साली पद्मविभूषण. विद्यापीठांनी मानद डॉक्टरेटही दिली. या बाईंच्या नावामागे 'डॉक्टर' लागले तेव्हा उमेदसिंहांना आणि ब्रिजलाल आजोबांना काय वाटले असते, याची कल्पना करून पाहावी. 2019 च्या पद्मविभूषणाच्या यादीत आणखी एक नाव होते, शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे. एकाने सारे आयुष्य कागदपत्रांत घालवून कथा सांगितली, दुसरीने कागदाला हातही न लावता. सांगणाऱ्यांच्या या देशात दोघे एका ओळीत उभे राहिले, हे आम्हांला फार शोभून दिसले.

आता थोडे आमच्या घरचे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका मंडळात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची आखणी चालली होती. एका संध्याकाळी पंडवानी ठेवावी अशी सूचना आम्ही केली. उत्सवात कार्यक्रम मराठीच असावेत, ही पहिली हरकत आली. ती आम्हांला समजते. परमुलखात राहणाऱ्यांनी आपली भाषा जपायची नाही तर कोणी जपायची? दुसरी हरकत कोणी स्पष्ट बोलले नाही. 'ते जरा आरडाओरड्याचे असते,' 'बायकांना आवडणार नाही,' 'आपल्या व्यासपीठाला शोभेल का,' अशा आडवळणांनी ती आली. शेवटी भावगीते झाली, आणि चांगली झाली. पण त्याच व्यासपीठावर एका वर्षी पुण्याहून आलेल्या लावण्यांच्या कार्यक्रमाला खुर्च्या अपुऱ्या पडल्या होत्या, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

लावणीला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. यमुनाबाई वाईकरांची बैठक, सुलोचना चव्हाण यांचा ठसका आणि विठाबाई नारायणगावकरांचा फड हे मराठीचे वैभव आहे. 2012 साली यमुनाबाईंना आणि 2022 साली सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा ती उशिराच मिळाली असे आम्हांला वाटले. पण मंचावर उभ्या राहिलेल्या बाईकडे पाहण्याची एक सवय आम्हांला लागून गेली आहे. तिने शृंगार मांडला तर आम्ही फेटे उडवतो आणि घरी आल्यावर तिला नावे ठेवतो. तिने गदा उगारली तर आम्हांला कळतच नाही की हात कोठे ठेवावेत. तीजनबाईंना वाळीत टाकणारे लोक खेडवळ, अडाणी होते असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. त्यांनी उघड केले ते आपण कार्यक्रमपत्रिकेतून करतो.

बाईने आख्यान सांगणे आमच्या परंपरेला अपरिचित नाही. जात्यावर बसून पांडवांच्या ओव्या म्हणणाऱ्या बायका आमच्याच. पण जाते घरात, ओसरीच्या आत, पहाटेच्या अंधारात. त्या ओव्यांना श्रोता म्हणजे फार तर पाळण्यातले मूल. स्त्री कीर्तनकारही आमच्याकडे झाल्या, आजही आहेत, आणि त्यांना ऐकणारा समाज आहे. तरीही बुवा म्हटले की पागोटे डोळ्यांपुढे येते.

तीजनबाईंच्या मागे रस्ता मोकळा झाला. वेदमतीत झाडूराम देवांगन आणि पुनाराम निषाद यांची नावे थोर. पुनारामांना 2005 साली पद्मश्री मिळाली. पण पुढच्या पिढीकडे पाहावे तर पंडवानी म्हटले की मुलींचीच नावे आधी येतात. रितू वर्मा लहान वयातच वेदमती गाऊ लागल्या. शांतीबाई चेलक कापालिक गातात. 2023 साली उषा बारले यांना पद्मश्री मिळाली, त्याही पंडवानीसाठीच. जी गोष्ट केली म्हणून एका मुलीला गाव सोडून झोपडी बांधावी लागली, ती शिकण्यासाठी आता आईबाप आपल्या मुलींना हाताला धरून नेतात. पन्नास वर्षे म्हणजे लोककलेच्या आयुष्यात काहीच नव्हेत, हे ध्यानात घेतले तर हा पालट केवढा मोठा आहे ते समजेल. पंडवानी त्यामुळे पालटली का? पालटली. मंच मोठे झाले, वेळ लहान झाला. पूर्वी रात्र रात्र चालणारी कथा आता तास-दीड तासात आवरावी लागते, आणि दुःशासनवध व द्रौपदीवस्त्रहरण यांपलीकडचे प्रसंग क्वचितच कानी पडतात. महाभारतात वनपर्व आहे, शांतिपर्व आहे. तेही कोणी उभे राहून सांगावे अशी आमची इच्छा आहे.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ वेगळे झाले. दुर्ग, भिलाई, गनियारी आता दुसऱ्या राज्यात. छत्तीसगढ एक्सप्रेस मात्र अजून त्याच वाटेने येते.

आत्याबाई जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. त्या संध्याकाळनंतरच्या चातुर्मासात नेहमीप्रमाणे पोथी निघाली. दुपारची झोपाझोप झाली की शेजारच्या चार-पाच बायका येत, आत्याबाई चौरंगापुढे पाय मुडपून बसत आणि संथ चालीवर ओव्या वाचीत. आम्ही आपले पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन पडलेलो असू. एके दिवशी वाचनाची चाल मध्येच तुटली असे वाटले म्हणून डोकावून पाहिले. दुःशासनवधाचा अध्याय चालू होता. आत्याबाईंनी चष्मा काढून पोथीवर ठेवला होता, एक हात जमिनीवर टेकला होता, आणि दुसऱ्या हाताची मूठ वळून त्या पुढचे सारे न पाहता सांगत होत्या. गुडघ्यांनी साथ दिली असती, तर त्या उठल्याही असत्या.